जेजू बेटावरची सुट्टी: मासळीच्या हंगामाने तारखा ठरवाव्यात, वाऱ्याच्या कलाने फिरावे

दक्षिण कोरियाच्या मुख्य भूमीच्या दक्षिणेला असलेले जेजू हे ज्वालामुखीतून घडलेले बेट पूर्व-पश्चिम सुमारे ७३ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे ३१ किलोमीटर पसरलेले आहे. नकाशावर ते दोन दिवसांत पालथे घालता येईल असे वाटते, म्हणून बहुतेक प्रवासी आधी स्थळांची यादी करतात आणि भूक लागेल तिथे जे मिळेल ते खातात. ताजी मासळी हा सहलीचा मुख्य हेतू असेल, तर हा क्रम उलटा करावा. कोणता मासा कोणत्या महिन्यात आणि बेटाच्या कोणत्या बाजूला चांगला मिळतो हे आधी पाहावे, त्यावरून मुक्काम ठरवावेत, आणि त्या त्या मुक्कामाच्या आसपासची स्थळे त्यात बसवावीत. आमच्या कुटुंबाने हे बेट एकदा जूनमध्ये आणि एकदा नोव्हेंबरच्या अखेरीस पाहिले. दोन्ही वेळा डोंगर आणि रस्ते तेच होते, पण ताटात आलेला समुद्र अगदी वेगळा होता.

तारखा ठरवताना

मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैपर्यंत चारी नावाचा तळहाताएवढा मासा मिळतो. तो काट्यांसकट बारीक चिरून, काकडी-कांद्याबरोबर थंडगार, आंबट रश्श्यात घालून खातात, आणि या पदार्थाला चारी-मुल्ह्वे म्हणतात. याच सुमारास सी-अर्चिन हा गोलाकार, काटेरी समुद्री जीव, म्हणजे कोरियन भाषेतले सॉन्गे, भरलेला असतो. जून ते ऑगस्टमध्ये हान्छी ही पातळ अंगाची, गोडसर चवीची माकुळ पकडतात. रात्री किनाऱ्यावर उभे राहिले, तर क्षितिजावर मासेमारी नौकांच्या दिव्यांची रांग दिसते ती तिच्यासाठीच असते. उन्हाळा सरता सरता काल्छी, म्हणजे आपली वाकटी किंवा बळा ज्या कुळातले आहेत तो मासा, चरबीने भरू लागतो आणि शरद ऋतूत सर्वांत चविष्ट लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पांगॉ या मोठ्या, तेलकट माशाचा काळ आहे आणि त्याचे गाव नैर्ऋत्य टोकाचे मोसुल्फो.

काही गोष्टी मिळत नाहीत, तेही आधी ठाऊक असावे. अंडी घालण्याच्या काळात शंखाची मासेमारी जून ते ऑगस्ट आणि नैसर्गिक अबालोन या मोठ्या समुद्री गोगलगाईची ऑक्टोबर ते डिसेंबर बंद असते. त्या महिन्यांत ताटात येणारे अबालोन शेतीतले असते, आणि कोरियातली अबालोनची मोठी शेती दक्षिण किनाऱ्याजवळच्या वान्दो भागात होते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, पण पैसे कशाचे देतो आहोत हे माहीत असलेले बरे. कोरियातल्या उपाहारगृहांना मासळी कुठून आली हे लिहावे लागते. फलकावर किंवा यादीत ‘जायॉन्सान’ म्हणजे नैसर्गिक आणि ‘यांगशिक’ म्हणजे शेतीतले, एवढे दोन शब्द ओळखता आले तरी पुरते.

हवामानाचा विचार करता जूनच्या उत्तरार्धापासून जुलैपर्यंत पावसाळी दिवस असतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची शक्यता असते. प्रथमच जाणाऱ्याला मी ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरचा पूर्वार्ध सुचवेन: आकाश स्वच्छ असते, टेकड्यांवर रुपेरी गवत डुलत असते आणि काल्छी ऐन भरात असते. कच्च्या माशाची खरी आवड असलेल्यांनी मात्र थंडी सोसून डिसेंबरमध्ये जावे.

व्हिसा, विमान आणि बेटावरची वाहने

सेऊलमार्गे जायचे असेल, तर भारतीय पारपत्रधारकाला कोरियाचा व्हिसा लागतो आणि मुंबई परिसरातल्या लोकांना त्यासाठी मुंबईतच अर्ज करता येतो. एखाद्या परदेशी शहरातून थेट जेजूला उतरणाऱ्या अनेक देशांच्या नागरिकांसाठी व्हिसामाफीची वेगळी योजना आहे, पण तिच्या आधारे मुख्य भूमीवर जाता येत नाही. तिचे नियम बदलत असतात, त्यामुळे त्या भरवशावर तिकीट काढण्याआधी वाणिज्य दूतावासाकडून लेखी खात्री करून घ्यावी. सेऊलच्या किम्फो विमानतळावरून जेजूला पोहोचायला सुमारे सव्वा तास लागतो आणि दिवसभर इतकी उड्डाणे असतात, की हा जगातल्या सर्वांत वर्दळीच्या हवाई मार्गांपैकी एक समजला जातो.

बेटावर भाड्याची गाडी सर्वांत सोयीची आहे. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, मूळ परवाना आणि पारपत्र ही तिन्ही कागदपत्रे जवळ ठेवावीत. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवावी लागते, त्यामुळे पहिला तासभर मोकळ्या रस्त्यावर सराव करावा. मद्य घेऊन गाडी चालवण्याबाबतचा कायदा फार कडक आहे. रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०३ टक्के असल्याने मासळीच्या ताटाबरोबर एक पेला जरी घेतला, तरी गाडीला हात लावू नये. ज्यांना गाडी चालवायची नाही, त्यांच्यासाठी बससेवा उत्तम आहे. २०१ क्रमांकाची बस पूर्व किनाऱ्याने आणि २०२ क्रमांकाची पश्चिम किनाऱ्याने उत्तरेच्या जेजू शहरापासून दक्षिण किनाऱ्यावरच्या सॉग्विफो शहराकडे जाते. भाडे देण्यासाठी टी-मनी हे पैसे भरून वापरायचे कार्ड घ्यावे, आणि चढताना व उतरताना दोन्ही वेळा ते यंत्राला लावावे.

आपल्या सवयीचा गूगल नकाशा कोरियात रस्ता दाखवण्याच्या कामी अपुरा पडतो. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप ही ॲप्स आधीच फोनमध्ये घ्यावीत. कोरियन लिपीत नाव टाइप करणे जमत नसेल, तर उपाहारगृहाचा दूरध्वनी क्रमांक टाकला तरी जागा सापडते, आणि गाडीतल्या मार्गदर्शक यंत्रातही हीच युक्ती चालते. अडचण आली तर १३३० या पर्यटक मदतवाहिनीवर इंग्रजीत बोलता येते. रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

पहिली संध्याकाळ: तोंगमुन बाजार

विमानतळ जेजू शहरातच असल्याने पहिला मुक्काम तिथे करावा आणि संध्याकाळी तोंगमुन बाजारात जावे. इथे पोट भरण्याआधी डोळे तयार करायचे असतात. मासळीच्या गल्लीत काल्छीच्या चकाकत्या पट्ट्या, गुलाबी रंगाचे ओक्तोम, बांगड्याचे कोरियन भावंड असलेला कोदुंगॉ आणि पाण्याच्या टाक्यांत फिरणारे जिवंत मासे ओळीने मांडलेले असतात. काल्छी नीट पाहावी. जेजूची काल्छी गळाने पकडतात, त्यामुळे तिच्या अंगावरचा चांदीचा थर शाबूत राहतो. जाळ्यात सापडलेल्या माशाचा तो घासून निघतो आणि अंग काळपट दिसते. आपल्या जेटीवर मासळी घेताना जी नजर लागते, तीच इथे वापरावी. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ला लाल हवा आणि मांस दाबल्यावर खळगा राहता कामा नये.

कापून तयार ठेवलेल्या कच्च्या माशाची बंद ताटलीही इथे मिळते आणि ती खोलीवर नेऊन खाता येते. बसून खायचे असेल, तर मासा विकत घेऊन शेजारच्या उपाहारगृहात देण्याचीही पद्धत आहे. तिथे माशाच्या किमतीशिवाय माणशी ‘सांगछारिम-बी’, म्हणजे ताट मांडण्याचे पैसे, आणि शिजवण्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. हे सगळे आकडे मासा टाकीबाहेर काढण्याआधी विचारून घ्यावेत. यादीत किमतीच्या जागी ‘शिगा’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ त्या दिवशीचा बाजारभाव असा होतो. पहिल्या भेटीत हा शब्द न समजल्याने आम्ही एका ठिकाणी अंदाजाच्या दुप्पट पैसे मोजून बाहेर पडलो. ‘ओल्मायेयो?’, म्हणजे ‘किती?’, एवढे विचारले असते आणि गणकयंत्रावर आकडा दाखवून घेतला असता, तर तो प्रसंग आला नसता.

पूर्व किनारा: हेन्यो आणि त्यांचे घर

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे निघावे आणि तिथे किमान दोन रात्री राहावे. या बाजूला जेजूचा आत्मा आहे असे मी मानतो, आणि त्याचे कारण हेन्यो आहेत. हेन्यो म्हणजे समुद्रात बुडी मारून अबालोन, शंख, सी-अर्चिन, ऑक्टोपस आणि शेवाळ गोळा करणाऱ्या स्त्रिया. त्या प्राणवायूची टाकी वापरत नाहीत. दम रोखून साधारण दहा मीटरपर्यंत खाली जातात आणि तेवाक नावाच्या तरंगत्या गोळ्याजवळ वर येतात. वर आल्यावर त्या श्वास सोडतात, तेव्हा शिटीसारखा लांब आवाज होतो. त्याला सुम्बीसोरी म्हणतात. शांत सकाळी हा आवाज किनाऱ्यावर स्पष्ट ऐकू येतो आणि तो कशाचा आहे हे कळल्यावर अंगावर काटा येतो, कारण पाण्यातून वर येणारा चेहरा बहुतेक वेळा साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाईचा असतो. २०१६ मध्ये युनेस्कोने या संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली, पण नव्या मुली या कामात फारच थोड्या येतात. हादो गावातले हेन्यो संग्रहालय आधी पाहावे आणि मग जेवायला बसावे, म्हणजे ताटातल्या घासामागचे कष्ट समजतात.

जेवणासाठी ‘हेन्योची घरे’ शोधावीत. किनाऱ्यावरच्या अनेक गावांत तिथली मच्छीमार संस्था ही साधी उपाहारगृहे चालवते; टेबले प्लास्टिकची असतात, सजावट काहीच नसते आणि खिडकीतून समुद्र दिसतो. इथे जॉन्बोकजुक, म्हणजे अबालोनची पेज, अवश्य मागवावी. अबालोन हा खडकाला चिकटून राहणारा, एकाच शिंपल्याचा, मोठ्या गोगलगाईच्या जातीचा जीव आहे. त्याचे मांस तिळाच्या तेलात परतून तांदळाबरोबर शिजवतात, आणि चांगल्या स्वयंपाकघरात त्याची आतडीही त्यात घालतात. त्यामुळे पेज पांढरी न राहता हिरवट-पिवळी होते. पांढरीफटक पेज समोर आली, तर आतडी घातलेली नाहीत असे खुशाल समजावे. पेज सावकाश शिजते, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटे थांबण्याची तयारी ठेवावी.

जूनमध्ये एका धक्क्यावर, नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या एका आजींनी आमच्यासमोर सी-अर्चिन फोडले. काळ्याजांभळ्या काट्यांचा तो गोळा त्यांनी हातमोज्यात धरला, सुरीच्या टोकाने तोंडाशी दाबून दोन भाग केले, समुद्राच्याच पाण्यात एकदा हलवले आणि छोट्या चमच्याने आतल्या पाच नारिंगी फोडी काढून माझ्या मुलीच्या तळहातावर ठेवल्या. ती चव आधी खारी, मग गोड आणि शेवटी किंचित कडवट लागली. एवढ्या एका चमच्यासाठी किती वेळा बुडी मारावी लागत असेल हे पाहिल्यावर किमतीबद्दल घासाघीस करावीशी वाटत नाही, आणि ती करूही नये. हेच सी-अर्चिन शिजवून हवे असेल, तर सॉन्गे-मियॉकगुक हे शेवाळाचे सूप घ्यावे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. किनाऱ्याजवळचा समुद्र गावोगावच्या मच्छीमार संस्थांच्या राखीव हक्काचा असतो आणि पर्यटकाने खडकावरचे शंख किंवा अबालोन काढणे हा गुन्हा ठरतो. हेन्योंचे फोटो काढण्याआधी परवानगी मागावी. त्या तिथे काम करत असतात.

पूर्वेची स्थळे याच दोन दिवसांत बसतात. सॉन्सान इल्छुल्बोंग ही १८२ मीटर उंचीची, समुद्रात झालेल्या उद्रेकातून सुमारे ५,००० वर्षांपूर्वी उभी राहिलेली टेकडी सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे. पायऱ्या चढायला अर्धा तास पुरतो, पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती बंद असते. ती आणि बेटाच्या मधोमध असलेला हाल्लासान पर्वत, तसेच लाव्हाच्या गुहा, २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. मान्जांगुल ही सुमारे ७.४ किलोमीटर लांबीची लाव्हाची गुहा पाहण्यासारखी आहे, मात्र दगड कोसळण्याच्या धोक्यामुळे ती दीर्घकाळ बंद ठेवण्यात आली होती, तेव्हा उघडी आहे का हे आधी तपासावे.

सॉन्सान बंदरातून उदो या छोट्या बेटावर जाणारी बोट पंधरा मिनिटांत पोहोचवते. चढताना नावांचा अर्ज भरून पारपत्र दाखवावे लागते. ते खोलीवर विसरले तर परत फिरावे लागते. उदोवर शेंगदाण्याचे आइस्क्रीम मिळते आणि सॉबिन बेक्सा नावाची शुभ्र पुळण आहे, जिचे कण सागरी शैवालाच्या कठीण झालेल्या गोळ्यांचे आहेत. ते उचलून आणण्यास मनाई आहे. शेवटच्या बोटीची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून उतरताच ती पाहून घ्यावी. वारा वाढला की बोटी थांबतात. आमची पहिली फेरी अशीच रद्द झाली आणि पुढचा दिवस मोकळा ठेवला होता म्हणूनच उदो पाहता आले. बोटीचा कोणताही कार्यक्रम सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये.

कच्चा मासा कसा खावा

कच्च्या माशाच्या कापांना कोरियन भाषेत ह्वे म्हणतात. मासा जिवंत असतानाच टाकीतून काढून लगेच कापण्याची इथली पद्धत आहे, त्यामुळे काप मऊ नसतात, ते चांगले चावावे लागतात. प्रथमच खाणाऱ्याने क्वांगॉ मागवावा. आपल्याकडच्या लेपीसारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला हा मासा जेजूमध्ये मोठ्या प्रमाणावर शेतीत वाढवतात. त्याला उग्र वास नसतो आणि चव सौम्य असते.

ताट आले की सगळे एकदम मिसळू नये. पहिला काप नुसता, फार तर सोया सॉसला टेकवून खावा, म्हणजे माशाची चव कळते. दुसरा छोजांग या आंबट-तिखट लाल चटणीत बुडवावा. तिसऱ्याला लेट्यूसचे किंवा पेरिलाचे पान तळहातावर घ्यावे, त्यात काप, लसणाची चकती, मिरचीचा तुकडा आणि चिमूटभर स्साम्जांग ही सोयाबीनची दाट चटणी ठेवून पुडी करावी आणि ती एकाच घासात तोंडात घालावी; अर्धी तोडून पुन्हा खाली ठेवणे बरे दिसत नाही. शेवटी त्याच माशाची हाडे आणि डोके घालून केलेला मेउन्थांग हा तिखट रस्सा येतो. आपल्या माणसाला भाताबरोबर तो सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून पोटात त्याच्यासाठी जागा ठेवावी.

कच्चा कोदुंगॉ हा त्यापुढचा टप्पा आहे. बांगड्याच्या जातीचा मासा पाण्याबाहेर फार लवकर खराब होतो, त्यामुळे तो कच्चा फक्त तिथेच खावा जिथे तो डोळ्यांसमोर टाकीत पोहत असेल. वाळवलेल्या शेवाळाच्या पानावर थोडा भात, त्यावर मासा आणि वर कांद्याची कोशिंबीर ठेवून खातात. बांगडा म्हणजे तिरफळ घातलेले तिखले एवढेच ठाऊक असलेल्या माझ्या आईनेही दोन घास घेतले आणि तिसरा मागितला.

दक्षिण आणि पश्चिम

चौथ्या दिवशी सॉग्विफोला जावे. चॉन्बांग हा सुमारे २३ मीटर उंचीचा धबधबा थेट समुद्रात कोसळतो. ओल्ले ही बेटाला वळसा घालणारी, २००७ पासून आखली गेलेली पायवाटांची मालिका आहे, आणि तिच्यातली सातवी वाट सॉग्विफोच्या कड्यांवरून जाते. ती सकाळी चालावी आणि दुपारी काल्छी-जोरिम मागवावे. उथळ पातेल्यात तळाशी मुळ्याच्या जाड चकत्या, वर काल्छीचे तुकडे आणि लाल मिरचीचा दाट रस्सा असे ते शिजते. मुळा टाकून देऊ नये, सगळा रस त्यातच उतरलेला असतो. वाकटी खाणाऱ्याला काटे काढायला शिकवावे लागत नाही: आधी दोन्ही कडांचे बारीक काटे चॉपस्टिकने ओढून काढावेत, मग मधल्या काट्यावरून मांस सरकवावे. हा पदार्थ बहुधा दोन माणसांपासून पुढेच देतात. एकट्या प्रवाशाने भाजलेल्या काल्छीचे किंवा अबालोन-भाताचे एका माणसाचे ताट मागावे. अनेक उपाहारगृहे दुपारी तीन ते पाच बंद असतात, तेव्हा जेवण लांबवू नये. पैसे उठताना गल्ल्यावर द्यावेत. टीप देण्याची पद्धत नाही.

पश्चिमेला हिवाळ्यात मोसुल्फोचा पांगॉ खावा. मासा जितका मोठा तितका तो चरबीदार असतो, म्हणून चौघे-पाचजण मिळून मोठ्या माशाचा वाटा घेणे योग्य ठरते. पोटाकडचा भाग आधी संपवावा. याच बाजूने कापादो आणि देशाचे दक्षिण टोक असलेल्या मारादोला बोटी जातात. वसंतात कापादोवर हिरव्या सातूची शेते असतात, इतर वेळी एकच बेट निवडायचे तर मी मारादो निवडेन.

हाल्लासान हा १,९४७ मीटर उंचीचा, दक्षिण कोरियातला सर्वांत उंच पर्वत आहे. शिखरापर्यंत जाणाऱ्या सॉन्फानाक आणि क्वानुम्सा या दोन वाटांसाठी आगाऊ नोंदणी करावी लागते आणि पूर्ण दिवस द्यावा लागतो. ज्यांना तेवढे चालायचे नाही, त्यांनी नोंदणी न लागणारी यॉन्शिल वाट घ्यावी. आदल्या रात्री कच्चा मासा खाऊन पहाटे चढाईला निघू नये.

कोणी काय टाळावे

गर्भवती स्त्रिया, यकृताचे विकार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांनी कच्चे मासे आणि कच्चे शिंपले टाळावेत. उन्हाळ्यात कोमट होणाऱ्या समुद्रातले काही जीवाणू अशा लोकांच्या जिवावर बेतू शकतात. ‘इख्यॉ जुसेयो’, म्हणजे ‘शिजवून द्या’, एवढे म्हटले तरी बहुतेक ठिकाणी समजून घेतात. जिवंत ऑक्टोपसचे वळवळणारे तुकडे लहान मुलांना आणि वृद्धांना देऊ नयेत, कारण ते घशाला चिकटण्याचा खरा धोका असतो. शिंपल्यांची ॲलर्जी असेल, तर ती कोरियन लिपीत कागदावर लिहून न्यावी. सोबत कोणी शाकाहारी असेल, तर किमचीतही बहुधा मासळीचे खारवण असते आणि साध्या सूपचे पाणीही सुक्या माशांचे असते, हे त्यांना आधीच सांगावे आणि खोलीत स्वयंपाकाची सोय असलेला मुक्काम घ्यावा.

परतीच्या दिवशी सकाळी विमानतळाजवळ शेवाळाचे सूप किंवा पेज घ्यावी आणि जेजूहून सेऊलला जाणारे विमान व तिथून भारताकडे येणारे विमान यांच्यात शक्य असल्यास एक रात्र ठेवावी. जोराचा वारा सुटला की जेजूची उड्डाणे तासन्‌तास अडकतात.